न चावणारे बूट

अष्टमी, रोहा

ती. जनूमामांना,

अष्टमीहून तुमच्या भाचीचा, म्हणजे प्रणिताचा नमस्कार. मामींनाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे, मामींची दम्याची औषधं चालू आहेत की बरं वाटलं म्हणून बंद केली, आणि शेजाऱ्यांशी कुंपणावरून चाललेलं भांडण अजून जिवंत आहे का, हे तिन्ही प्रश्न मनापासून विचारते आहे. फोन मुद्दाम केलेला नाही. तुम्ही फोन स्पीकरवर लावता, मामी मधेच बोलतात, आणि इकडे बाबा शेजारी बसून ‘कोन हाय? जन्या काय?’ असं विचारत राहतात. अशा वेळी माणूस जेवण झालं का, यापलीकडे काही विचारू शकत नाही. म्हणून हे पत्र पेणला निघालेल्या शेजारच्या नितेशच्या हाती देते आहे.

लग्न ठरल्याप्रमाणे मे महिन्यात, पेणच्या हॉलमध्ये, भर दुपारच्या मुहूर्तावर आहे. सुजयचा (नवरदेव, साखरपुड्यात गडबडून तुमच्या दोनदा पाया पडला तो) यात काही दोष नाही, भटजींनी दिलेल्या मुहूर्तांपैकी हॉलला सोयीचा एवढाच होता. हॉलला एसी नाही. मोठे पंखे आहेत, ते गरम हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतात.

अशा लग्नासाठी पायात काय घालावं, हा प्रश्न मला आधी फक्त तांत्रिक वाटला. (मी कंपनीत सेन्सर आणि मीटर तपासते. तुम्ही गावात ‘भाची लाइटीचं बघते’ असं सांगता, हे माझ्या कानावर आहे.) उकाड्यानं पाय सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी आणि माप किंचित मोठं घ्यावं. उंच टाच जाजमात अडकते. सोनेरी मुलामा घामानं पावलावर उतरतो. शिवाय नवरीचं पाऊल शालूखाली कोणाला दिसत नाही, आणि विधीला ती अनवाणीच असते. एवढा विचार करून मी रोह्याच्या बाजारातून सपाट, रुंद, मऊ तळाच्या चपला घेतल्या. सुजयची बहीण किमया हिनं मला फोनवर खडे लावलेल्या, पेन्सिलीसारख्या टाचांच्या सँडलचे फोटो पाठवण्याचा सपाटा लावला होता. माझ्या चपलांचा फोटो पाहून तिनं फक्त ‘ओके’ असं लिहिलं. आई तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, ‘ह्या घालून लग्नाला उभी रानार हायस, का शिफ्टला गो?’ मी म्हटलं, दोन्हीकडे उभंच राहायचं आहे. हा विषय तिथे संपला.

बाबांच्या बुटांचा विषय मात्र संपलेला नाही. बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी बूट घेतले नव्हते. तुमच्याबरोबर मिठागरात होते तेव्हा अनवाणी, आणि रोह्याला आल्यावर गोदामाच्या रखवालीला रबरी चपला. मधे एकदाच पायात बूट आले ते त्यांच्या स्वतःच्या लग्नात, आणि ते तुमचे होते, मापानं लहान. ती हकीकत तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता: काळुराम नवरा लंगडत मांडवात आला, आणि तुमच्या आईनं, म्हणजे आमच्या आजीनं, सगळ्यांदेखत विचारलं, की दाखवताना हा बसून होता म्हणून फसलो काय? आम्ही सगळे दर वेळी हसतो, आणि बाबाही हसतात. या वेळी लग्न ठरल्यावर पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, ‘पोरीच्या लग्नात मी नीट चालनार. सोयऱ्यांना दारातून मीच आत आननार, बूट घालून.’ तेव्हा मला शंका आली की इतकी वर्षं ते हसत नसावेत. (ही तक्रार नाही. हकीकत तुम्ही चांगलीच सांगता.)

तर आम्ही पेणला गेलो, कारण बाबांच्या मते सोयरे पेणचे असताना रोह्याचे बूट घालणं बरं दिसत नाही. दुकानदार उत्साही होता. त्यानं काळे, तपकिरी, लाल गोंड्यांचे, मोजडीच्या घाटाचे, असे सगळे काढले. बाबांनी सगळे घातले, आणि सगळे त्यांना बसले.

‘काका, चावतात का?’

‘नाय.’

‘सैल होतात?’

‘नाय.’

‘मग वाटतंय कसं?’

‘वाटत काय नाय. मस्त हाय.’

दुकानदार म्हणाला, असं गिऱ्हाईक रोज यावं. मधे त्याच्या पोऱ्यानं घाईत एक बूट आठ नंबरचा आणि दुसरा नऊचा दिला. बाबा तसेच दुकानभर फिरून आले आणि दोन्ही बूट आपल्याच पायासाठी शिवलेत म्हणाले. शेवटी त्यांना चकचकीत तपकिरी, टोकदार जोडी पसंत पडली, कारण ती चालताना वाजत होती.

आमच्या कामात एक गोष्ट अगदी सुरुवातीला शिकवतात. सेन्सर मेला की मीटर शून्य दाखवतो, आणि नवा माणूस ते शून्य वाचून समाधानानं पुढे जातो. त्या दुकानात आम्ही सगळेच नवे होतो. बाबांना साखर आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. (आई म्हणते, जन्मभर मिठात राबलेल्या माणसाला साखरेनं धरावं, ही देवाची मस्करी.) त्यांच्या पावलांना काही कळत नाही, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नाही. कारण आपल्याकडे मिठागरवाल्याचं पाऊल हे टणकच असतं. दुपारच्या डांबरावर तो अनवाणी चालतो, शिंपलं रुतलं तर घरी आल्यावर बघतो, आणि बघणारे त्याला शाबास म्हणतात. तुम्हीही म्हणाला आहात. जाणीव कधी गेली आणि शाबासकी कधी खोटी झाली, ते सांगता येणार नाही.

बूट मऊ व्हावेत म्हणून बाबा ते घालून आमंत्रणं करायला निघाले. कुलदैवताला पहिली अक्षत ठेवून झाली होती. एका हातात पत्रिकांची पिशवी, दुसऱ्या हातात कुंकवाचा डबा, मागून आई, असे ते अष्टमी आणि रोहा करून निडीला गिरजाबाईंकडे, त्यांच्या मावसबहिणीकडे, पोहोचले. मी शिफ्टला होते. पुढचं सगळं आईकडून कळलेलं आहे. बाबांनी दारात बूट काढले आणि नव्या पांढऱ्या लाद्यांवरून देवापर्यंत चालत गेले. वळून बघतात तर मागे लाल पावलं. गिरजाबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, ‘अगो बाय! डबा सांडला वाटतं. कुंकवाच्या पावलांनी आलास रे दादा, पोरीचं नशीब हाय!’ आणि आई काही बोलायच्या आत त्यांनी दोन पावलांवर अक्षता टाकल्यासुद्धा. बाबाही खूश. त्यांनी डबा उघडून पाहिला तर कुंकू काठोकाठ होतं, तेव्हा ते आणखी खूश झाले, कारण आता तो चमत्कार होता.

आईनं पाहिलं की सगळी पावलं डावीच आहेत. तिनं बोट लावून पाहिलं, आणि मग डावा बूट उलटा केला. दुकानात बुटांचा आकार टिकावा म्हणून टोकात कागदाचा बोळा कोंबतात. तो दोन्ही बुटांत तसाच होता. बाबा घराघरांतून अंगठा दुमडून चालत आले होते. डाव्या बोळ्यात एक पत्र्याची पिनही होती. गिरजाबाईंनी लादी स्वतः पुसली आणि पुसताना आईला सारखं म्हणत होत्या, ‘कुनाला सांगू नुको गो हौसे, कुनाला सांगू नुको.’

डॉक्टर तरुण आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्याला ठिकठिकाणी सुई टेकवली. शेवटी बाबा सौजन्यानं म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, कधी टोचताय?’ डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. टोचून झालं होतं.

तर जखम साधारण आहे, ड्रेसिंग चालू आहे, विश्रांती सांगितली आहे आणि बंद बूट घालायचे नाहीत असं सांगितलं आहे. बाबांनी यावर उपाय काढला. नितेशला पेणला पिटाळून त्याच घाटाची, पण मोठ्या मापाची दुसरी जोडी आणवली, कारण तिच्या डाव्या बुटात बँडेजसकट पाय जातो. आता घरात चार बूट आहेत. रोज संध्याकाळी बाबा उजव्या पायात जुना आणि डाव्या पायात नवा घालून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालण्याचा सराव करतात. दारात आईला व्याही म्हणून उभं केलेलं असतं. ‘या, या, सोयरे, उन्हातून आलात!’ असं म्हणून ते तिला फ्रिजपर्यंत आणून बसवतात. पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘माझ्या हातात पोलपाट हाय, आनि म्हनं व्याही!’ आता मुकाट्यानं येते. चाल अगदी सरळ असते, हे मान्य करायला हवं. लंगडायला दुखावं लागतं.

खोलीत थोडा वास येतो. आई सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या लावते. बाबा म्हणतात, आता कसं लग्नघर वाटतंय.

बाकी सर्व ठीक. मामींना पत्रिका वेगळी पाठवते आहे. तिच्यात तुमचं नाव ‘निमंत्रक’ म्हणून आहे आणि शुद्ध छापलेलं आहे. कुंपणाचं भांडण लग्न होईपर्यंत लांबणीवर टाकावं ही विनंती. थोरांना नमस्कार, लहानांना उन्हात खेळू देऊ नका.

तुमची भाची,
प्रणिता

ता. क. वर ‘जखम साधारण आहे’ असं लिहिलं ते मामींसाठी, कारण इथपर्यंत तुम्ही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं असणार. पुढचं मनात वाचा. अंगठा काळा पडला आहे. डॉक्टर म्हणतात तो आत्ता काढला तर पाऊल वाचेल. लग्न होईपर्यंत थांबलो तर घोट्याच्या वरून कापायचा विचार करावा लागेल, आणि त्याहून वाईटही होऊ शकतं. आत्ता काढला तर लग्नात पाय खाली टेकवता येणार नाही, चाकाच्या खुर्चीत बसावं लागेल. बाबांनी त्यांना सांगितलं, ‘लगीन होऊ द्या, मग पाय न्या.’ मी कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून मी जेवले का ते विचारलं. आई रडली, तर तिला म्हणाले, थोडं पाठवणीला ठेव. सुजयनं येऊन सांगितलं की तारीख पुढे ढकलू, आमची काही हरकत नाही. त्यावर बाबांना वाटलं की मुलगा मागे हटतोय, आणि ते त्याच्या वडिलांची समजूत काढायला बूट घालून पेणला निघाले. एसटी स्टँडवरून परत आणलं.

ता. क. दुसरा. मामानं भाचीला बोहल्यापर्यंत आणायचं असतं. मला आणायला नको. मी चालत येईन, माझे पाय चांगले आहेत. तुम्ही बाबांना आणा. आधी दवाखान्यात, हे पत्र मिळाल्यावर लगेच, आणि मग लग्नाला, खुर्चीतून, पुढच्या दारानं, सोयऱ्यांच्या देखत. ते माझं ऐकत नाहीत कारण मी कारणं देते. तुम्ही कारणं देत नाही. तुम्ही मेहुणे होण्याआधीचे त्यांचे दोस्त, तुम्ही नुसतं ‘काळ्या, चल’ म्हणता आणि ते उठतात. हे मी लहानपणापासून पाहते आहे आणि ते कसं होतं हे मला सांगता येत नाही. ती बुटांची हकीकत लग्नात सांगू नका.

ता. क. तिसरा. वाटेत ते तुम्हाला नक्की विचारतील, पोरगी घाबरलीय काय. मी त्यांना नाही म्हणून सांगितलं आहे. तुम्ही खरं काय ते सांगा.