वगळलेली घरं

प्रिय फेमी,

तुझं घर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं आणि मी तुला पत्र लिहिते आहे, याचं तुला हसू येईल. पण समोर आले की तू कॉफी टाकतेस, माझा हात हातात घेतेस, "बिचारी ओल्गा" म्हणतेस आणि मला बोलायचं असतं ते राहूनच जातं. सव्वीस वर्षांच्या मैत्रीत दर वेळी असंच झालं. म्हणून हा कागद.

आधी वेलमबद्दल लिहिते. माझा नवरा आपल्या चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गायचा, आणि लवंगा काढायला झाडावर चढला तरी त्याचं गाणं थांबायचं नाही. तू खालून ओरडायचीस, "अरे, हळू गा, कळ्या गळून पडतील!" मग त्याला साखरेचा आजार झाला. पायाला जखम झाली, आधी दोन बोटं गेली, मग अर्धं पाऊल. पेरूची पानं उकळून त्या पाण्याने मी दिवसातून दोनदा जखम धुवायचे. वास पडद्यांत बसला, उशीत बसला, माझ्या केसांतही बसला.

त्या मार्चमध्ये आपल्या गटाची पाळीपाळीने घरोघर फिरणारी गुरुवारची उपासना आमच्या घरी होती. मी पडदे धुतले, माशाचं सारण भरून पानादा तळल्या, शेजारून बाकं आणून ठेवली. वेलमने स्वच्छ शर्ट घालून घेतला. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तू आलीस, दारातूनच म्हणालीस, "अगं, तुझ्यावर आधीच केवढं ओझं! आम्ही ठरवलं, तुझा त्रास वाचवायचा. सेवा म्हणजे तरी दुसरं काय?" आणि मी मूर्ख, मी तुझे आभार मानले.

पुढची तीन वर्षं उपासना शेजारच्या कलालो कुटुंबाच्या घरून थेट तुझ्या घरी जायची, मधलं आमचं घर ओलांडून. नाताळात मात्र तुम्ही यायचात, एकसारखे निळे झगे घालून, बिस्किटांचा डबा घेऊन. पायरीवर फोटो व्हायचा. चर्चच्या पत्रकात त्याखाली छापून यायचं, 'दुर्बळांची सेवा'. फोटो होईपर्यंत सगळ्यांनी नाकावरचे रुमाल खाली घेतलेले असायचे. आतून वेलम विचारायचा, "गाणार आहेत का गं?" मी सांगायचे, "घाईत आहेत."

तुला हे माहीत नसेल. गुरुवारी तुझ्या घरातलं गाणं आमच्याकडे ऐकू यायचं, आणि वेलम पलंगावर पडून आपली खालची पट्टी गायचा. एकटा. चांगल्या पायाने पलंगाच्या लाकडावर ठेका धरायचा. कडवं संपलं की मला म्हणायचा, "फेमीने आज काय सूर लावलाय बघ!" तो खरंच आनंदात असायचा गं. मी नव्हते. मला तुमचं गाणं ऐकू येऊ नये म्हणून मी भांडी जोरजोरात घासायचे.

तो गेला तेव्हा मांडव घातला, खुर्च्या कमी पडल्या. तीन दिवस पाच गटांचे गायकवृंद गाऊन गेले. पाळक म्हणाले, "असा आनंदी उपासक मंडळीत दुसरा नव्हता." तू तर शवपेटीला धरून रडलीस. शवपेटीचं झाकण बंद होतं, वास येत नव्हता. मी सगळ्यांना कॉफी दिली.

हे पत्र तेव्हाच लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं, कारण सगळा दोष तुझा झाला असता. पण घर रिकामं झालं आणि विचार करायला वेळ मिळाला, तशी मला आपल्या गटातली म्हातारी ओमा लेन आठवली. बारा वर्षांपूर्वी तिचा पाय हत्तीसारखा सुजला, त्यातून पाणी गळायला लागलं. तेव्हा उपासनेच्या घरांची यादी आपण दोघी करायचो. तू म्हणालीस, "तिच्याकडे पोरं घाबरतात." पण तिच्या नावावर रेघ मी मारली. आणि वर मीच म्हणाले, "बरंच आहे, म्हातारीचा त्रास वाचेल." माझ्या दारात उभी राहून तू माझंच वाक्य मला ऐकवलंस. ते माझं आहे हे ओळखायला माझा नवरा जावा लागला.

फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले. वाटलं होतं, शिव्या देईल, निदान विचारेल की इतकी वर्षं कुठे मेली होतीस. तिने बाक सरकवलं आणि म्हणाली, "आलीस? बस. आधी कुठलं गाणं म्हणायचं?" शिव्या परवडल्या असत्या. तेव्हापासून दर बुधवारी मी तिचा पाय धुते आणि मग आम्ही गातो. ती बेसूर गाते, शब्द विसरते, विसरली की स्वतःच खदाखदा हसते. एवढं हसणं मी चर्चमध्ये कधी ऐकलं नाही. आता कलालोंच्या घरच्या दोघी येतात, बाजारातली मासेवाली येते. गेल्या बुधवारी आठ जण होतो.

आता हे पत्र का ते सांगते. परवा चर्चचे कारभारी मंदागी आले, पायरीवरूनच म्हणाले, "ओल्गाबाई, सोमवारी बैठकीला या. परवानगीवाचून उपासना घेता, गटात फूट पाडता, अशी तक्रार आहे." कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही, पण कागद हातात होता. वीस वर्षं मी तुझ्या अक्षरातले गाण्यांचे कागद धरून गायले आहे, फेमी. मी सोमवारी जाणार आहे. यादीतून दोन घरं कशी गेली ते सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि नावंही घेणार आहे, आधी माझं, मग तुझं. तुझ्या पाठीमागून केलं असं होऊ नये म्हणून आधी कळवते. समेटासाठी लिहीत नाही. माझा राग गेलेला नाही, कधी जाईल ठाऊक नाही. पण ओमा लेन दर बुधवारी विचारते, "ती उंच आवाजाची कुठाय?" तुझं नाव ती विसरली आहे, आवाज विसरलेली नाही. तिला काय सांगू, तेवढं सोमवारच्या आत कळव.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
ओल्गा