साडूचा मॅप

४ जानेवारी, सकाळी
नव्या वर्षाचा संकल्प: साडूचा हेवा करायचा नाही.

४ जानेवारी, संध्याकाळी
साडूने बाईक गॅरेजमधून काहीतरी करून आणली. सासूबाई त्याच्या मागे बसून भाजीला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, धाकट्या जावयांची गाडी म्हणजे नुसता पाळणा. माझी गाडीही त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. (त्याच्यानंतर घेतली, हा योगायोग.) तिच्याबद्दल त्यांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. एकदा ‘उतरते’ म्हणाल्या होत्या, तेवढंच.
काय केलंस विचारलं तर साडू हसून म्हणाला, गाडी शांत करून आणली दादा. सांगत नाही, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरात खास मॅप, म्हणजे किती हवेला किती पेट्रोल याचा तक्ता, टाकून घेतलाय. मागच्या महिन्यात मिरवत होता तो सायलेन्सरही दिसत नाही. आता दिसतो तो कंपनीचा. बाहेरून! हीच तर चलाखी.

९ जानेवारी
नवा सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर बसवून घेतला. ईर्ष्या वगैरे काही नाही, इंजिनाला श्वास घेता यावा एवढंच. आवाज असा, की समोरच्या गॅलरीतले आजोबा उठून आत गेले. आदराने असावं.
गॅरेजवाला म्हणाला, आता हवा जास्त जाणार, तर पेट्रोलचं प्रमाण कॉम्प्युटरात बदलायला हवं. गाडी मशीनवर चढवू, मोजून करू. मी म्हटलं, माझ्याकडे लॅपटॉप आहे, केबल आहे, डोकं आहे. तो म्हणाला, केबल बघू.

११ जानेवारी
थ्रॉटल सोडला की फटाके, पिळला की आचके. बायको विचारते, गाडीला उचकी लागलीय का? तिला इंजिनातलं काही कळत नाही. लॅपटॉपवर पेट्रोल वाढवलं. फरक नाही, म्हणून आणखी वाढवलं. मागच्या भिंतीवर काळा पट्टा उठला आणि वाळत घातलेल्या चादरीवर त्याची नक्कल. बायकोने ती चादर माझ्या बाजूला अंथरली.

१५ जानेवारी
सासूबाईंना रविवारी टेकडीवर त्यांच्या भावाकडे जायचंय. मी फोनवर जाहीर केलं की थोरला जावई नेणार. पलीकडून त्यांनी मग विचारलं, धाकटे गावात नाहीत का?
आता प्रश्न पेट्रोलचा राहिला नाही, मानाचा आहे. चढावर गाडीने दगा दिला तर त्या पुन्हा माझ्या मागे बसणार नाहीत, आणि का बसत नाही ते चारचौघांत सांगत राहतील.

१६ जानेवारी
साडू म्हणाला, दादा, गाडी माझ्या ओळखीच्या ट्यूनरकडे नेऊ, तो मॅप नीट जुळवून देईल, मी येतो सोबत. काय हा उर्मटपणा! मला दुसऱ्याचं उष्टं चालत नाही, असं स्वच्छ सांगितलं.

१८ जानेवारी
साडूकडे चहाला गेलो. तो आंघोळीला गेला, गाडी अंगणात. सीट काढली, केबल लावली, त्याचा मॅप लॅपटॉपवर उतरवून घेतला. मेव्हणीने खिडकीतून विचारलं, भाऊजी, काय शोधताय? म्हटलं, किल्ली. ती म्हणाली, हातात आहे.
घरी येऊन माझा मॅप पुसला, त्याचा चढवला. फरक लगेच जाणवला! इंजिन जणू माझीच वाट बघत होतं. आईला बसवण्याआधी मला बसवून दाखवा, असा बायकोचा हट्ट होता, तिलाही फिरवून आणलं. उतरून म्हणाली, माझं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर सारखं आपटत होतं. पिकअप आहे, दुसरं काय!

१९ जानेवारी, रविवार
लॅपटॉपची पिशवी गळ्यात अडकवून निघालो. सपाटीवर सगळं ठीक. पहिल्या वळणावर आचका, दुसऱ्यावर फटाका, तिसऱ्यावर गाडी बंद. चालू केली, परत बंद.
साडूही मेव्हणीला घेऊन तिच्या मामांकडेच निघालेला, तो मागून आला. म्हणाला, आई, तुम्ही माझ्या गाडीवर या, ही थांबेल दादांजवळ. माझा तोल गेला. तुझ्याच मॅपमुळे ही वेळ आली, असं तोंडून निघून गेलं.
साडू गोंधळला. माझा कसला मॅप? आईंना आवाज सोसेना, म्हणून आधीचे सगळे बदल काढून टाकले. सायलेन्सर, फिल्टर, मॅप, सगळं परत कंपनीचं.
म्हणजे मी अंगणात सीट काढून चोरला तो मॅप माझ्या गाडीत पहिल्या दिवसापासून होता.
सासूबाईंनी पदर खोचला आणि साडूला म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे. ह्यांना इथे सोडलं तर हे परत लॅपटॉप उघडतील.
उरलेला चढ त्यांनी गाडी मागून ढकलली. मी हँडल धरलं होतं. तेही जबाबदारीचं काम असतं.
वर दारातच मामांनी विचारलं, काय ताई, आज कोणत्या जावयाने आणलं?
सासूबाई म्हणाल्या, आज मीच एकाला घेऊन आले.
तरी साडूच्या मागे बसल्या नाहीत.