घोंगडी गाडीत

रविवार, बाहेर जेवून आल्यावर

उस्मानपुऱ्यातल्या नेहमीच्या खानावळीत जाऊ, म्हणत होते मी. तिथं भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या घोंगडीकडं कुणी बघतसुद्धा नाही. पण ह्यांना करमाडच्या अलीकडचं नवीन गावरान हॉटेलच पाहिजे होतं. फोनवर लई चांगलं लिहिलंय म्हणे.

गाडीतून उतरल्या उतरल्या ह्यांनी बापाच्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि मागच्या सीटवर टाकली. "आत बरं दिसत नाय, आबा."

आबा म्हणजे जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. खांदा नुसता उघडा पडल्यासारखा दिसला.

आणि आत काय? भिंतीवर घोंगडीच. शोभेला. मधोमध खिळा ठोकलेला. आमच्यात पाहुणा आला की घोंगडी अंथरतात, देवाची पूजाही तिच्यावरच मांडतात. तिला खिळा ठोकतं का कुणी? रस्सा नुसता तिखट होता, भाकरी वातड. माझं लक्ष मात्र त्या खिळ्यावरच.

जेवण झाल्यावर हे म्हणाले, "आबा, त्या घोंगडीखाली उभं राहा. फोटो काढतो."

आबा उठले, खिळ्याकडं बघितलं. म्हणाले, "माझी गाडीत हाय. आणू का?"

हे हसले. ह्यांना गंमत वाटली ती.

आत्ताच फोटो टाकलाय ह्यांनी. पाच तारे, आणि खाली लिहिलंय, अगदी घरच्यासारखं.

आबा आज चादर घेऊन झोपलेत. घोंगडी गाडीतच आहे. त्यांनी मागितली नाही.