लॉरीच्या गाण्याचे हक्क

२ जानेवारी, सकाळी ६
यंदाचा एकच संकल्प. डोळे झाकून कोणावरही विश्वास ठेवायचा नाही.
चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू अठराला. दरवर्षीप्रमाणे आमचं विडंबनगीत. आमचं म्हणजे माझं आणि खालच्या मजल्यावरच्या कनकाचं. ती तंजावूरकडची. मराठी पिढीजात, पण तीनशे वर्षांपूर्वीची. अकरा वर्षं रोज चारला कॉफीला येते, आणि कॉफीवर गाणी होतात. गेल्या वर्षी निवेदन करणाऱ्या देविकाने "कनकाताई आणि मंडळी" असं पुकारलं. मंडळी म्हणजे मी एकटी. असं आपोआप होत नसतं.

३ जानेवारी
चाल मी निवडली. जुन्या सिनेमातलं गाणं, नायिका नदीकाठी सजणाला हाका मारते. कनका म्हणाली, सजणाऐवजी पाण्याची लॉरी येऊ दे. इथे टँकरला लॉरीच म्हणतात. मी मान हलवली, तेव्हा कल्पना पक्की झाली. म्हणजे माझ्यामुळे. मग कॉफी निवेपर्यंत तिने पाच कडवी म्हणून दाखवली.
"हॉर्न तुझा वाजला, मी जिन्यावरून धावले,
साबण लावल्या नवऱ्याला तिथेच विसरून आले."
असल्या ओळी कोणालाही सुचतात. सांगाडा महत्त्वाचा. सांगाडा माझा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं.

५ जानेवारी
लिफ्टमध्ये देविका आमचीच चाल गुणगुणत होती. मी बघितल्यावर थांबली. तिला कोणी सांगितलं? मी नाही. मग उरलं कोण?

६ जानेवारी
करारपत्र केलं. एकोणऐंशी साली मी वर्षभर लॉ कॉलेजात होते, ते उगाच नव्हे. सहा कलमं. कलम ४: गीताच्या सर्व प्रती नष्ट करून एकच अधिकृत प्रत ठेवावी. कलम ६: गीत फुटू नये म्हणून एकमेकींच्या घरी जाणं बंद.
कनकाने न वाचताच पेन मागितलं. मग म्हणाली, "सही कसाला गे अक्का? मी कुठं पळून जाते?" पळून जाणारी माणसं हेच म्हणतात. कलम सहा मी मोठ्याने वाचून दाखवलं. तिने विचारलं, म्हणजे चारला येऊ नको? मी म्हटलं, करार म्हणजे करार. तिने सही केली. तमिळमध्ये. याची नोंद घेतली आहे.

८ जानेवारी
अधिकृत प्रत तिलाच लिहायला सांगितली. तिच्या अक्षरात असली की उद्या तिला कानावर हात ठेवता येणार नाहीत. कागदावर लाल शाईने १ ते ५ अनुक्रमांक मी आधीच घालून दिले. कागद घडी होऊन आला. उघडला नाही. पुराव्याला उगाच हात लावू नये. पाकिटात घालून लाखेचं सील केलं आणि स्वतःच्याच पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवलं. त्यावरची पोस्टाची तारीख हाच पुरावा. सील मात्र मोडता कामा नये.
फोनमधलं रेकॉर्डिंग पुसलं. कनकाला एवढं सुचलं नसतं.

११ जानेवारी
देविकाचा नवरा उपेंद्र मंडळाचं यूट्यूब चॅनेल सांभाळतो. म्हणाला, काकू, चाल एका कंपनीच्या मालकीची आहे, व्हिडिओ अडकेल. मी विचारलं, हे तुला कोणी सांगायला सांगितलं? तो गोंधळला. नवरा-बायको दोघंही कनकाच्या बाजूचे. चाल साठ वर्षं जुनी आहे. एवढी जुनी वस्तू सर्वांची असते.

१३ जानेवारी
कनकाचा निरोप: एकदा तरी मिळून म्हणू या, टेरेसवर म्हटलं तरी चालेल. नकार दिला. टेरेसला चार बाजू उघड्या.

१५ जानेवारी, पोंगल
पाकीट आलेलं नाही. पोस्टाला सुट्टी. कनकाने वॉचमनच्या हाती चक्करैपोंगल, म्हणजे गुळाचा भात, पाठवलं. गोड खाऊ घालून माणूस ढिला पडतो. डबा परत केला. आधी संपवला.

१७ जानेवारी
पाकीट आलं. सील शाबूत. दुसरं कडवं आठवेना, पण उघडलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. वेळेवर आठवेल. सांगाडा माझा असल्यावर मांस कुठे जातं?

१८ जानेवारी, संध्याकाळी ७
कार्यक्रम झाला. मला "ये रे लॉरी" एवढं आठवलं. ते प्रत्येक कडव्यानंतर ठणठणीत म्हटलं. कनका दर वेळी माझ्याकडे बघून थांबायची, मी छताकडे बघायचे, मग ती म्हणायची. तिला पाचही कडवी तोंडपाठ. नष्ट केलेलं गीत तोंडपाठ कसं? कलम चारचा सरळ भंग. हॉल हसून लोळत होता. देविकाने पुन्हा "कनकाताई आणि मंडळी" म्हटलं.

२० जानेवारी
व्हिडिओ टाकला आणि तासाभरात त्याचा आवाज बंद. कंपनीने चालीवर हक्क सांगितला. आता आम्ही दोघी नुसती तोंडं हलवतो. तीन वेळा पाहिला. कोण काय गातंय ते ओळखता येत नाही. हे आपल्या बाजूचं आहे.

२१ जानेवारी
चारला दोघींची कॉफी केली. सवय. ओतून दिली नाही, दोन्ही मीच प्यायले. झोप लागली नाही.

२३ जानेवारी
लिफ्टमध्ये कनका. मी म्हटलं, कार्यक्रम झाला, आता यायला हरकत नाही. ती म्हणाली, "करारात कुठंवर म्हणून लिहिलंच नाही की अक्का. मी सही केलेय. मोडणार नाही."
घरी येऊन कलम सहा पुन्हा वाचलं. मुदत घातलेली नाही. वर्षभर कॉलेज कमीच पडलं असावं. नंतर लक्षात आलं, हे ती हसत म्हणाली की नाही, ते मी पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं.

२५ जानेवारी, दुपारी ४
सील मोडलं. गाण्यात माझं किती ते एकदाचं ओळीनिशी काढायचं ठरवलं.
पाचही कडवी तमिळ अक्षरांत. कनका तमिळ शाळेत शिकली, मराठी तशीच लिहिते. चाळीस वर्षं चेन्नईत राहून मला बसचा बोर्डसुद्धा वाचता येत नाही. तीच वाचून सांगते. म्हणजे सतराला उघडलं असतं तरी उपयोग नव्हता. माझा निर्णय योग्यच ठरला.
कागदावर मला वाचता आले ते फक्त लाल अनुक्रमांक. एक ते पाच. दोनदा तपासले. सगळे बरोबर आहेत.