हेक्टिक शब्दाचं मूळ

सर, आमचा नवा डॉक्टर दिवसातून दहादा म्हणतो, "सिस्टर, आज फार हेक्टिक झालं." अहेरीच्या पुढच्या गावांमधून मी टीबीच्या गोळ्या देत फिरते. हल्ली तो शब्द कानावर आला की माझं डोकं फिरतं, कारण तो मला तुम्ही शिकवलात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. आता भांडायचं तरी कुठं येऊन, म्हणून कागदावर भांडते आहे.

माझं दहावीचं वर्ष. इंग्रजी शब्दाचा नुसता अर्थ सांगून तुम्ही कधी सोडत नव्हता. तो कोणत्या मुलखातून आला, वाटेत काय काय झाला, सगळं फळ्यावर. त्या दिवशी हेक्टिक लिहिलंत आणि म्हणालात, "धावपळीचा. माझ्या दिवसासारखा." पहिल्या बाकावरून माझी धाकटी बहीण विचारते, "सर, हा कुठून आला?" ती नववीत, पण तुमच्या जादा तासाला हट्टानं येऊन बसायची. तुम्ही डस्टर उचलता. "मले नाई आठवत. पुढं चला." तुम्हाला आठवला नाही असा तो एकच शब्द.

आणि धावपळ तरी केवढी. नाताळाच्या आत पुस्तक संपवायचंच, असं तुमचं चाललेलं. शाळा सुटल्यावर रोज तास, थंडी म्हणून खिडक्या लावून. दिवस कलला की तुमचे गाल लाल व्हायचे, डोळे चमकायचे, बोलणं भरधाव सुटायचं. सरांच्या अंगात काय जोर आहे, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. खोकला खडूचा आहे, हे तुम्हीच सांगितलंत. जानेवारीत चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलात ते परत आलाच नाहीत.

मागच्या महिन्यात पोरीची मोठी डिक्शनरी उघडली. शब्द ग्रीकांकडचा निघाला. आधी अर्थ होता अंगवळणी पडलेला, मग अंगात मुरलेला ताप. क्षयाचा ताप, सर. रोज येणारा, गाल लाल करून माणसाला वाळवणारा. धावपळ हा अर्थ फार मागाहून चिकटला. तुम्हाला सगळं माहीत होतं. शब्दाचंही आणि स्वतःचंही. तरी पोरांना त्या बंद खोलीत बसवलंत. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

त्याच उन्हाळ्यात बहिणीला ताप धरला. रोज सुई, मूठभर गोळ्या. बायका तिला वेगळ्या गिलासात पाणी द्यायच्या. शाळा सुटली ती सुटलीच. कोणापासून झाला हे छातीठोकपणे सांगता येत नाही, माझं कामच ते आहे, मला शिकवू नका. पण आमच्या घरात, आमच्या आळीत दुसऱ्या कोणालाच नव्हता.

ती आता कोरपन्याला असते. तिच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे, त्याला हार आहे. गेल्या रविवारी सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. म्हटलं, "सरांचं एक सांगायचं होतं." तर म्हणते, "सांग न, बाई. तेवढाच माणूस होता, ज्यानं मले हुशार म्हटलं." मी चहा पिऊन परत आले.

हे पत्र तिला दाखवणार नाही, तुम्हाला तर पोचणारच नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. डिसेंबरात टेबलाखाली पडलेला तुमचा रुमाल मी उचलला होता. त्यावर लाल डाग होता. "पान खाल्लं व," तुम्ही म्हणालात. तुम्ही पान खात नव्हता, आणि तसल्या डागाचा अर्थ आमच्याकडं लहान पोरालाही कळतो. मी रुमाल घडी करून तुमच्या हातात दिला. दोन धडे राहिले होते आणि मला पास व्हायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर बसायला लागले. बहिणीला काही बोलले नाही.