उजव्या कमरेवरचा भार

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता तू माझ्यामागे जिममध्ये येतेस, हे काही बरं नाही.

माझा कणा जरासा बाकदार आहे हे सगळ्यांत आधी तुलाच दिसलं होतं. डॉक्टर नंदुरबारला, तुझा इलाज दारात. आपल्या कोरीट गावच्या विहिरीवरून येताना भरलेली कळशी तू माझ्या उजव्या कमरेवर ठेवायचीस. "वाकडी पोरले कोन करी? उजवांगे भार दे, सरय व्हई जाशी." पुढे बघायला येणाऱ्यांसमोर मला खांबाला टेकवून बसवायचीस. बहुतेकांना खांब पसंत पडायचा.

आता फिजिओथेरपिस्ट सांगते, बाक सौम्य आहे, कुणाचा दोष नाही. वजनं उचला, पण बेताची, दोन्ही बाजूंना सारखी, पाठ न वाकवता. पायात मुंग्या आल्या की थांबा. कणा सरळ होणार नाही, पण स्नायू त्याला सांभाळतील. तिचं खरं निघालं. पाठीतली कळ गेली, पलंग सुटला, मी पुन्हा खुर्चीत बसून पेपरात लिहू लागले, आणि गावातली बडी माणसं पुन्हा दुखावू लागली. माझी जिम मिरचीच्या जुन्या गोदामात आहे. तिथे लोक घामाआधी शिंकतात.

यंदा अखाजीच्या सणाला, पितरांसाठी भरतात ती तुझ्या नावाची घागर पहिल्यांदा मी भरली. तेव्हापासून हे सुरू झालं. बार उचलला की मी डावीकडे झुकते. शिकवणारी पोरगी म्हणाली, "ताई, उजव्या कमरवर काही ठेवेल शे का? तशाच कली ऱ्हायनात." मग तिने त्याच बाजूला माझ्या शर्टावरच्या ओल्या डागाकडे पाहिलं. "आन् आठेच कसा वला?" मी म्हटलं, घाम. घाम इतका गार नसतो, माय.

काल तिने बजावलं, आता पुन्हा कललात तर वजनं बंद. बंद म्हणजे पुन्हा पलंग, पुन्हा ती कळ. मी बार धरला आणि हळूच म्हणाले, "माय, आते ठेव खाले. मी बरी शे." कमरेवरचा गारवा सरकत सरकत निघून गेला. मी उठले. आरशात पाठ जितकी सरळ असू शकते तितकी सरळ. पोरगी टाळ्या वाजवत होती.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलंस तर तिथेही माझी बदनामी. एवढं मात्र कबूल करते. बार उचलताना माझ्या हातांना वजन लागलंच नाही, ते तू धरलं होतंस, हे मी पोरीला अजून सांगितलेलं नाही.