परवा म्हणजे कधी

रविवार, दि. ९
दुपार

प्रिय परवा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचा हमीपत्राचा फॉर्म मंगळवारी मिळाला. अक्षर पुष्कळ सुधारलंय. 'ध' अजून 'घ'सारखा काढतेस, पण ते मी शिकवलं तसंच आहे, तेव्हा दोष माझा. पत्र लिहिण्यास कारण की... कारण शेवटी सांगते. आधी बातम्या वाच.

माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. आमचे हे अजून घरीच आहेत. मालाचं गोदाम बंद पडलं त्याला आता चार वर्षं होतील. सकाळी दाढी करून तयार होतात आणि मग कुठे जायचं ते आठवत नसल्यासारखे खुर्चीत बसतात. परवा मला म्हणाले, "तुझी ती मैत्रीण पत्र पाठवते का?" मी हो म्हटलं. पेपर उघडून बसले.

वर 'परवा' लिहिलं ते मागचं बरं का! वाचून गोंधळशील म्हणून सांगते.

इस्त्रीवाल्या मावशी रोज विचारतात, "आपली परवा काय म्हणते?" तुझं खरं नाव हजेरीवहीतून गेलं, पण हे नाव काही जात नाही. आठवतं ना? पहिल्याच आठवड्यात मुकादम म्हणाला, परवा सुट्टी आहे. तुला वाटलं, झाली ती. दुसऱ्या दिवशी आलीस, तिसऱ्या दिवशीही आलीस आणि बंद फाटकासमोर डबा घेऊन दोन तास उभी राहिलीस. मग माझ्याशी भांडलीस. "तुमच्यात गेलेला दिवस आणि येणारा दिवस एकच कसा?" जसं काही ही भाषा मीच काढली! आणि पुढे अकरा वर्षं इथं राहायच्या परवान्याच्या कचेरीत तुला 'परवा या, परवा या' म्हणत राहिले, तेव्हा तूच म्हणाली होतीस, "ताई, आता कळलं. आधी परवा म्हणायचं, मग ना म्हणायचं. झाला परवाना." मावशींना हसता हसता ठसका लागला होता.

लाँड्रीत घडीचं मशीन आलंय. तू गेल्यावर दोनच महिन्यांनी. हॉस्पिटलच्या चादरी आता एका बाजूनं घालायच्या, दुसरीकडून घडी होऊन बाहेर. मी एकटीच उभी असते. समोर चादरीचं दुसरं टोक धरायला कोणी लागत नाही. आपण चादर ताणायचो, तू 'हं' म्हणायचीस, मी 'हं' म्हणायचे, की मधे येऊन टोकाला टोक. दिवसाला किती वेळा आपली बोटं एकमेकींना लागायची, कोण मोजतंय! मशीनला 'हं' लागत नाही. माझ्या तोंडून मात्र निघतंच. नव्या बायकांना वाटतं, म्हातारीला धाप लागते.

तुझी खूप आठवण येते गं. डबा उघडला की पहिला घास कुणापुढे करावा ते कळत नाही.

तुझ्या मुलीला सांग, तिनं काढलेलं आपल्या दोघींचं चित्र अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. त्यात माझे पाय चादरीपेक्षा लांब आहेत. तिकडच्या शाळेत रमली का ती? इथलीच भाषा बोलते म्हणून मुलं चिडवतात असं लिहिलंयस. वाचून बरं वाटलं नाही.

आणि तुझ्या पत्राच्या तळाशी तू एक ओळ लिहिली आहेस. "इथं सगळ्या म्हणतात, आम्हाला ज्यानं घालवलं, लाँड्रीतल्या सगळ्यांनी त्यालाच मत दिलं. मी म्हणते, माझ्या ताईनं दिलं नसेल. बरोबर ना?"

दारावर कोणीतरी आलंय. उरलेलं नंतर.


गुरुवार, दि. १३

दारावर कोणी नव्हतं. चार दिवस हे पत्र उशीखाली होतं.

मत गुप्त असतं. मी 'बरोबर' असा एक शब्द लिहिला असता तर जगात कोणालाही कळलं नसतं. लिहून पाहिलाही. तो कागद फाडला, हा त्यानंतरचा.

दिलं. मी त्यालाच मत दिलं, परवा.

आता कसं दिलं तेही ऐक. दुसरा उमेदवार आठवतो ना? ॲप्रन-टोपी घालून आत आला होता. फोटोसाठी आपल्या चादरीचं टोक धरलं आणि फोटो निघताच सोडून दिलं. धुतलेली चादर जमिनीवर. तू कपाळाला हात लावलास. ती चादर पुन्हा आपल्यालाच धुवावी लागली. तो आपल्याशी एक शब्द बोलला नाही, फक्त पत्रकारांशी बोलला.

आणि हा आला तो फाटकाबाहेर, टेम्पोवर उभा राहून बोलला. म्हणाला, ब्लीचनं तुमच्या बोटांना चिरा पडतात, मला माहीत आहे, माझी आई हेच काम करायची. म्हणाला, मालक बिनपरवान्याची माणसं कमी पगारात ठेवतात, म्हणून तुमचा पगार तिथंच राहतो. ते अगदीच खोटं नव्हतं, परवा. तुलाही आमच्याहून कमी मिळायचं आणि तू तोंड उघडत नव्हतीस, कारण उघडता येत नव्हतं. तो म्हणाला, आधी आपली माणसं. इतक्या वर्षांत आम्हाला कोणी 'आपली' म्हटलं नव्हतं गं. आमचे हे त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ताठ बसून जेवले. "हा तरी आपलं नाव घेतो," म्हणाले. त्यांना तसं बघून माझा जीव हलका झाला. ते सुख मी नाकारणार नाही.

इथवर लिहिलं तर तू मला माफ करशील. ताई भोळी, ताईला फसवलं, असं म्हणशील. म्हणून पुढचं लिहिते.

त्या सभेत कोणीतरी ओरडून विचारलं, "अर्ज केलाय, पावती आहे, त्यांचं काय?" तो म्हणाला, "पावती म्हणजे परवाना नव्हे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझे हात उठले आणि वाजले. तुझी पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, ब्लाउजात असायची, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

तू तेव्हा आत होतीस. मी 'आलेच' म्हणून गेले होते, आणि तू एकटी चादर धरून उभी होतीस, खाली टेकू नये म्हणून. हात भरून आले होते तुझे. विचारलंस, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "काही नाही, नेहमीचंच." आणि दुसरं टोक उचललं. तू 'हं' म्हणालीस.

तेव्हा सांगितलं असतं तर तुझ्या हाती पाच महिने होते. कचेरीत ठाण मांडता आलं असतं, एखादा वकील गाठता आला असता. निदान मुलीची परीक्षा तरी झाली असती. मला माहीत होतं. मत देताना तुझा चेहरा समोर आला, आणि मी स्वतःला म्हटलं, ते काय हिच्याबद्दल बोलत नाहीत, ते दुसऱ्यांबद्दल. दुसरे कोण, ते मी शोधायला गेले नाही.

तो निवडून आला. कायदा झाला. पावतीवाल्यांना महिनाभरात निघायला सांगितलं. पगार काही वाढला नाही, मशीन आलं. यांना काम लागलं नाही, आणि ते आता परत वाकून जेवतात. पण हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पगार वाढला असता आणि यांना काम लागलं असतं, तरी माझ्या समोरची जागा रिकामीच राहिली असती.

तू निघालीस त्या दिवशी फाटकाशी म्हणालीस, "ताई, परवा भेटू." मी चिडवलं, "पुढचा की मागचा?" तू म्हणालीस, "कुठलाही दे." मी हसले. घरी येऊन दार लावलं आणि तोंडात पदर कोंबून रडले. मला मागचा हवा आहे गं. टेम्पो यायच्या आधीचा एखादा परवा, दुपारचा, तू डब्याचं झाकण उघडतेयस तेवढाच.

आता फॉर्मचं. नव्या कायद्यात एक खिडकी उघडी ठेवलीय, जुन्या कामावरच्या माणसानं हमी दिली तर परत येण्याचा अर्ज करता येतो. तू माझी सही मागितलीस, केली आहे. 'अर्जदारास किती काळ ओळखता' तिथं अकरा वर्षं लिहिलं. पण सोबत दुसराही फॉर्म आहे, तोही सही केलेला. तो इस्त्रीवाल्या मावशींचा. त्यांनी त्याला मत दिलं नव्हतं, आणि त्या दिवशी टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवून सही केली.

अर्जाला एकच लागतो. तुला ज्याचा लावावासा वाटेल त्याचा लाव. माझा फाडलास तरी मला कळवू नकोस. फक्त ये.

मुलीला पापा. लिहावंसं वाटलं तर लिही.

चादरीचं टोक हातात धरून, खाली टेकू न देता उभी असलेली,
तुझी
(पुढचा शब्द तूच लिही. मी जागा सोडली आहे.)